अक्काच्या बेटावरचं एकही नाव बदलणार नाही

जमलेल्या मंडळींना नमस्कार, आमच्या घरच्या रीतीनं शरणु शरणार्थी. माइक थोडा खाली घ्या, माझी उंची कमी आहे. हं, आता ठीक.

मी शकुंतला. महानंदा अक्काची धाकटी बहीण. लोह्याला दिलेली, तिथंच शाळेत मुख्याध्यापिका होते, आता घरी असते. अक्काला जाऊन अजून महिना झाला नाही. 'अक्का होती' असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. म्हणून मी ठरवलं होतं, लातूरला जायचं, मागच्या रांगेत बसायचं, लोक काय बोलतात ते ऐकायचं, शेवटी मला नेमून दिलेली शांतता जाहीर करायची आणि संध्याकाळच्या एसटीनं गप परत यायचं.

मी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. आणि आता मला बोलणं जड जातंय ते रडू येतंय म्हणून नाही. राग आलाय म्हणून.

पहिले वक्ते म्हणाले, बाई बालसाहित्यिक होत्या. दुसरे म्हणाले, बाईंनी इंग्रजी परीकथांचे सुंदर अनुवाद केले. तिसऱ्या ताई म्हणाल्या, महानंदाबाई म्हणजे मायेचा सागर. आणि आपले अध्यक्षसाहेब म्हणाले, "मी सुरुवातीपासून बाईंच्या पाठीशी होतो."

मंडळी, अक्कानं एकही अनुवाद केला नाही. लेकरांसाठी एक ओळ लिहिली नाही. ती कादंबऱ्या लिहायची. जाडजूड, लढायांनी आणि शापांनी भरलेल्या कादंबऱ्या. आयर्लंड नावाचं एक बेट आहे, त्या बेटावरच्या जुन्या केल्टिक लोकांच्या पुराणकथा तिनं घेतल्या आणि त्यातून स्वतःचं राज्य उभं केलं. राजे तिचे, झरे तिचे, माणसं तिची. हे एवढंसं तरी बोलायला उठणाऱ्यानं माहीत करून घ्यायला नको?

आणि मायेचा सागर? ताई, तुम्ही तिला कधी भेटला होता का? अक्का फटकळ होती. हट्टी होती. माझ्या लेकीच्या लग्नाला ती आली नाही. का, तर कादंबरीचं एक प्रकरण अर्धवट राहिलं होतं. मी तिच्याशी वर्षभर बोलले नाही. तिची पहिली कादंबरी मला आवडली नव्हती, हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं. नावं फार, लढाया लांबलेल्या. ती म्हणाली, "तुला नावं लक्षात राहत नाहीत तर कागदावर लिहून घे आणि परत वाच." अशी होती ती. तिला गोड करून टाकू नका. गोड माणसाला विसरणं सोपं जातं.

आता ती कोण होती ते मी सांगते.

आमचं गाव उदगीरकडचं, घर लिंगायत. अप्पांचं गावात छोटं किराणा दुकान. घरात थोडं मराठी, थोडं कानडी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. मोठा दुष्काळ पडला तेव्हा अक्का सातवीत होती, मी तिच्यापेक्षा लहान. गावात विकत घेणारंच कुणी उरलं नाही तर दुकान कसं चालणार? दुकान बंद पडलं. अप्पा, अव्वा आणि आम्ही दोघी दुष्काळी कामावर गेलो. रस्त्याचं काम. बायका खडी फोडायच्या, आम्ही पोरी पाट्या वाहायचो. घरी रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकर, कामावर दुपारी सुकडी, भाजल्या पिठाचा गोड भुगा.

ती सुकडी वाटायला मिशन दवाखान्याची एक सिस्टर यायची. गोरी, उंच, उन्हानं नाक सोललेलं. आयर्लंडची. तिची मराठी म्हणजे निम्मी दखनी, दवाखान्यातल्या आयांकडून शिकलेली. सुकडीची रांग लांब असायची, पोरं भांडायची. भांडण थांबवायला ती गोष्टी सांगायची. टेकडीला दार असतं आणि त्या दारातून आत गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याची नातवंडं म्हातारी झालेली असतात. तळ्यातून घोडा वर येतो. राजाचं लग्न जमिनीशी लागतं, आणि राजा खोटं बोलला की जमीन वांझ होते, गाईंचं दूध आटतं.

मी सुकडी खायची. अक्का ऐकायची.

एके दिवशी अक्कानं सिस्टरला विचारलं, "तुमच्या मुलखात रोज पाऊस पडतो म्हणता. मग तिथले लोक इतक्या भुकेच्या गोष्टी का सांगतात?"

सिस्टरनं पळी पातेल्यात ठेवली. मग म्हणाली, "पाऊस होता, बेटा. बटाटा सडला. धान्य होतं, ते जहाजात भरून गेलं. मेरी पणजी गवत खाके जिंदा रही."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्या दिवशी अक्का पाटी तशीच टाकून खडीच्या ढिगावर बसून राहिली. मुकादम ओरडला तरी उठली नाही. मला म्हणाली, "शकू, ती गोरी बाई आपल्यातलीच हाय."

तर साहेब, तुम्ही लोकांनी आयुष्यभर तिला विचारलं की ह्या परक्या गोष्टी तुला कशाला. त्याचं उत्तर हे आहे. तिच्यासाठी त्या परक्या नव्हत्याच. तिला त्या रस्त्याच्या कामावर, सुकडीच्या रांगेत मिळाल्या.

अक्का शिकली. बीए, बीएड झाली, लातुरात मुलींच्या शाळेला लागली. सिस्टर तोवर मायदेशी गेली होती, तिकडून ती पुस्तकं पाठवायची. अक्का शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचायची. आणि मग लिहायला बसली. तिच्या बेटावरचा राजा द्रोकान, त्याचे सरदार, त्याचे शाहीर, त्याच्या राज्यातल्या झऱ्याची मालकीण अल्वेना, हे सगळे आपली भाषा बोलतात. उदगीरची. अल्वेना म्हणते, "लई झालं." द्रोकानची आई त्याला "काय करायलास" असं विचारते. एका संपादकानं तिला कळवलं होतं की राणीच्या तोंडी ग्रामीण भाषा शोभत नाही. अक्कानं त्याला विचारलं, मग तिथली राणी पुण्याची होती का?

आता मी त्या दिवसाकडे येते. इथं बसलेल्यांपैकी काहींना तो दिवस आठवत असेल. आठवत नसेल तर आठवा.

उस्मानाबादपासून सुटून आपला जिल्हा नवा झाला होता. नवी कचेरी, नव्या पाट्या, सगळ्यांच्या अंगात नवं वारं. आणि नेमका पुन्हा दुष्काळ. ह्याच लातुरात बाया पहाटेपासून घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभ्या राहायच्या. त्यात नव्या जिल्ह्याचं पहिलं साहित्य संमेलन ठरलं. मंडप मोठा, मंत्री येणार. संयोजक कोण होते? आजचे अध्यक्षसाहेब. तेव्हा तरुण होते, शिक्षणसंस्थेत वजन होतं. अक्काची शाळा त्याच संस्थेची. नव्या जिल्ह्याची नवी लेखिका म्हणून तिला एक प्रकरण वाचायला बोलावलं होतं. मी तिच्यासोबत गेले होते.

आम्ही मैदानावर पोहोचलो तेव्हा काय चाललं होतं माहीत आहे? मंत्र्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून टँकरनं मैदानावर पाणी शिंपडत होते. कुंपणाबाहेर बाया घागरी घेऊन उभ्या. बघत होत्या. पाणी मातीत जिरत होतं आणि त्या बघत होत्या.

अक्का तिथंच थांबली. तिनं पिशवीतून कागद काढले, जे प्रकरण वाचायचं ठरलं होतं ते आत ठेवलं आणि दुसरं वर घेतलं. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "हे आधीच लिहून ठेवलेलं हाय. आज वाचायचा दिवस आलाय."

ते प्रकरण द्रोकान राजाचं. राज्यात पाणी आटलंय. एकच झरा उरलाय आणि राजा त्याला कुलूप लावतो, कारण पाहुणे राजे येणार आहेत आणि त्यांचे घोडे धुवायचे आहेत. मेजवानी चालू असते आणि अल्वेना भर दरबारात येते. ती शाप देत नाही. नुसती झारी पुढं करते आणि म्हणते, "तुझं खोटं माझ्या झऱ्यात पडलंय. घे. तू आधी पी."

अक्कानं वाचलं. आवाज मोठा नव्हता तिचा, पण मंडपात सगळीकडं पोचला. घागरीवाल्या बाया कुंपण ओलांडून मंडपाच्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना समजलं. आयर्लंड कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण कुलूप कुणी लावलं हे त्यांना बरोबर समजलं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बराबर हाय माय."

आणि स्टेजवरच्यांनाही समजलं.

साहेब, तुम्ही उठलात. माइक तिच्या समोरून उचललात. तुमचे शब्द मला पाठ आहेत. तुम्ही म्हणालात, "बाईंनी आपल्याला विलायतेच्या भुतांची कथा ऐकवली. इथं लोकांच्या घागरी रिकाम्या आहेत आणि ह्या परीराज्यात रमल्यात. पगार इथला, देव तिकडचे." लोक हसले. मंत्रीसुद्धा हसले. तुम्ही तिला हातानं बसायची खूण केलीत, घरातल्या पोराला करतात तशी.

अक्का बसली नाही. माइक नव्हता, तरी विचारलं, "मैदानावर पाणी कुणी ओतलं, साहेब?" पुढच्या रांगेत तेवढं ऐकू गेलं. मग ती खाली उतरली आणि आम्ही चालत घरी आलो.

हे झालं आणि संपलं असतं तर मी आज इथं गप बसले असते. पण तुमचं ते 'देव तिकडचे' गावभर फिरलं. बाई बाटली म्हणे. सिस्टरनं तिला बाटवलं म्हणे. गळ्यातलं लिंग काढून टाकलंय म्हणे. उदगीरच्या एका चांगल्या व्यापाऱ्याच्या घरी तिचं जमलं होतं, साखरपुड्याची तिथी काढायची राहिली होती. त्यांच्याकडून निरोप आला, आमच्या घरात देवधर्म आहे. अप्पा त्यांच्या दारात जाऊन सांगून आले की पोरगी रोज लिंगपूजा केल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. त्यांनी अप्पांना पाणी दिलं आणि परत पाठवलं.

अव्वा अक्काला म्हणाली, "जाळ ती पुस्तकं. एका बेटापायी तू आमचं घर बुडवलंस." अक्का म्हणाली, "अव्वा, त्यांना माझ्या बेटाचा राग न्हाई. त्यांना आरशाचा राग हाय." अव्वा रडली. अक्कानं तिची समजूत काढली नाही. मी म्हटलं ना, मायेचा सागर नव्हती ती.

महिनाभरात बदलीची ऑर्डर आली. लातुरातून उचलून संस्थेच्या एका शाखेत टाकलं, जिल्ह्याच्या पार टोकाला, जिथं एसटी दिवसातून एकदा यायची आणि पावसाळ्यात तीही नाही. शाळेच्या लायब्ररीतून तिचं पुस्तक काढलं. कारण दिलं, मुलींच्या मनावर वाईट परिणाम होतो. साहेब, तुम्ही मघाशी म्हणालात की मी पाठीशी होतो. होतात. ढकलायला पाठीशीच उभं राहावं लागतं.

तिनं कुठं तक्रार केली नाही. मी म्हणत होते, कोर्टात जा. ती म्हणाली, "मला वेळ न्हाई. द्रोकान अजून मरायचाय." आणि त्या खेड्यात पत्र्याच्या खोलीत राहून तिनं बाकीच्या सगळ्या कादंबऱ्या लिहिल्या. नांदेडच्या एका छोट्या छापखान्यानं त्या छापल्या. लातुरात दुकानात ठेवायला कुणी तयार नव्हतं. त्या शाळेतल्या मुलींना मात्र ती ऑफ तासाला प्रकरणं वाचून दाखवायची. त्या मुली घरी जाऊन आयांना सांगायच्या. तिथल्या बायका पाण्याला जाताना विचारायच्या, अल्वेनाचं पुढं काय झालं?

मग कशा कोण जाणे, ह्या अलीकडच्या वर्षांत बाहेरच्या तरुण पोरापोरींना ती पुस्तकं सापडली. मोबाइलवर लिहू लागले, बोलू लागले. पुण्याहून फोन येऊ लागले. आणि आपल्या जिल्ह्याला एकदम आठवलं की अरे, ही तर आपली लेक.

साहेब मघाशी म्हणाले की गेल्या वर्षी ते अक्काला भेटले, शाल दिली आणि तिनं भरल्या डोळ्यांनी आशीर्वाद दिला. मागच्या फ्लेक्सवर तो फोटो लावलाय. मी त्या दिवशी तिथं होते. चहा मीच केला. काय झालं ते सांगते.

अक्काच्या किडन्या गेल्या होत्या, ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. साहेब म्हणाले, "बाई, झालं गेलं विसरून जा. तुम्ही जिल्ह्याचं नाव मोठं केलंत."

अक्कानं विचारलं, "कुठलं पुस्तक वाचलंत माझं?"

साहेब हसले. म्हणाले, "आम्हाला कुठं वेळ, बाई. पण लोक लई चांगलं बोलायलेत."

अक्का म्हणाली, "मग शाल घरी न्या. आधी वाचा. वाचून भांडायला आलात तरी मी दार उघडीन."

तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. शाल तिच्या खांद्यावर टाकलेली आणि अक्का ती काढायला हात वर नेतेय, तो हा फोटो. तुम्हाला तो आशीर्वादाचा हात वाटला. नीट बघा मंडळी. इथून सगळ्यांना दिसतोय.

नका, साहेब, मला थांबवू नका. एकदा माइक उचललात, तेवढं पुरे. माझं आता फार उरलं नाही.

मघाशी घोषणा झाली. शहरात तिच्या नावाची कमान उभारणार. उभारा, कमानीला मी अडवणार नाही. पण दुसरी घोषणा अशी झाली की तिच्या कादंबऱ्यांची जिल्हा आवृत्ती काढणार, आणि वाचकांना आपलं वाटावं म्हणून नावं बदलणार. द्रोकानचा दाजीबा पाटील करणार. अल्वेनाची येल्लूबाई. बेटाचं करणार बालाघाटातलं गाव. टाळ्या झाल्या. मी मोजल्या नाहीत, पण बऱ्याच झाल्या.

हे होणार नाही.

तिच्या पुस्तकांचे हक्क तिनं माझ्या नावावर केलेत, रीतसर, वकिलासमोर. मी तिची सख्खी बहीण, आणि मी ह्या सभेत सगळ्यांसमक्ष सांगते, एक नाव बदलणार नाही. एक गाव बदलणार नाही. पहिल्या कादंबरीच्या वेळी एका प्रकाशकानंही तिला नावं बदलायला सांगितलं होतं, आणि तिनं हस्तलिखित पिशवीत घालून परत आणलं होतं. नावं बदलली असती तर तिची बदली झाली नसती. लग्न मोडलं नसतं. लातुरात राहिली असती, डोक्यावर पंखा, हाताशी दवाखाना. तिला हे सगळं ठाऊक होतं. तरी तिनं बदलली नाहीत, कारण सिस्टरची पणजी गवत खाऊन जगली होती आणि त्या बाईचं नाव-गाव पुसून तिची भूक तेवढी उचलायची, हे अक्काला चोरी वाटायचं. तिच्या माघारी ती चोरी तुम्ही करायची नाही.

आणि आणखी एक. ती बाटली असं म्हणणारे काही जण आज इथं पांढरे कपडे घालून बसलेत. तुमच्यासाठी सांगते. आमच्या रीतीनं तिला बसवून समाधी दिली. जंगमांनी, आमच्या धर्मगुरूंनी, तिच्या गळ्यातलं लिंग सोडून तिच्या तळहातावर ठेवलं. त्या लिंगाच्या दोऱ्याचा वळ तिच्या मानेवर पडलेला होता, आयुष्यभराचा. मी तिला शेवटची आंघोळ घातली तेव्हा बघितला. मला तो बघायची गरज नव्हती. तुम्हाला होती, पण तुम्ही आला नाहीत.

मला आता दम लागतोय.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी दोन मिनिटं शांतता आहे आणि ती जाहीर करायचं काम मला दिलंय. करते. पण सगळ्यांनी उठू नका. माझी हात जोडून विनंती आहे, ज्यांनी अक्काचं एक तरी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय, त्यांनी उभं राहावं. बाकीच्यांनी बसून राहावं. त्यात लाज नाही. खोटं उभं राहण्यात आहे.

हं. त्या मागच्या बाया उठल्या. अक्काच्या खेड्यातल्या शाळेच्या मुली ह्या, आता लेकुरवाळ्या झाल्यात, जीप करून आल्यात. दाराजवळची ती कॉलेजची पोरं. तुम्ही, काका, तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण उभे आहात, बरं वाटलं. आणखी कुणी?

साहेब, तुम्ही उठू नका.

बसा. हे तुम्हाला जमेल. हं, असं.

उभ्या असलेल्यांनो, मान खाली घालू नका, तिला ते आवडत नव्हतं. समोर बघा. आता दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही.

अक्का, शरणु शरणार्थी.